अर्धी राहिलेली पद्मिनी

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण काही पद्मिन्या अजून ताडपत्रीखाली उभ्या आहेत. पत्रा घासलेला, प्रायमर मारलेला, सीटा काढलेल्या. मालकाची हौस तेवढी मध्येच दमली.

अशी गाडी विकताना 'नव्वद टक्के काम झालंय' म्हणायचा फार मोह होतो. पण वायरिंग, काचांची रबरं, क्रोमचे बंपर, दारांची जुळणी, सगळं राहिलेल्या दहा टक्क्यांतच असतं आणि खरा पैसा तिथेच जातो. त्यापेक्षा तळाचा पत्रा कुठे सडलाय, त्याचा फोटो आधी दाखवावा. आरसी बुकावरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीशी जुळवून द्यावेत. सुट्या भागांच्या डब्यांना चिठ्ठ्या लावाव्यात, कारण गाडी ज्यानं खोलली त्याच्या डोक्यातला हिशेब गाडीबरोबर जात नाही.

किंमत मात्र पावत्यांची बेरीज करून ठरवू नये. आपण किती घातले, याच्याशी घेणाऱ्याला काय करायचंय? (त्या पावत्या घरच्यांनाही न दाखवलेल्या बऱ्या.) पावसाळ्यात गंज कुणासाठी थांबत नाही, तेव्हा वेळ आणि जागा असलेल्या माणसाकडे ती मृगाआधीच गेलेली बरी. आणि हो, कार्बोरेटरचा डबा द्यायला विसरू नका. तो बहुधा स्वयंपाकघराच्या माळ्यावर असतो.