हिरवी खूण

दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. तो पुण्याच्या एका कंपनीत संकेतस्थळे तपासण्याचे काम करतो. चकली मोडता मोडता म्हणाला, "सर, आता आम्ही फक्त प्रश्न लिहून ठेवतो. तपासते ते यंत्र."

जन्मभर लाल शाई खर्चणाऱ्या मला त्याचा हेवा वाटला. २००४ साली शिकागोत सेलेनियम नावाचे साधन जन्मले. ते माणसासारखे संकेतस्थळ उघडते, रकाने भरते, बटण दाबते. अपेक्षित उत्तर आले की हिरवी खूण, चुकले की लाल. हजारदा विचारा, त्याला ना कंटाळा, ना डुलकी!

"मग काळजीच मिटली की!" मी म्हणालो.

तो जरा गप्प झाला. "सर, मागच्या महिन्यात एक चाचणी रात्रभर लाल येत होती. सकाळी काम गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे होते. वरिष्ठ म्हणाले, तेवढी वगळ. मी वगळली. सगळे हिरवे झाले."

एकही खोटा शब्द न उच्चारता माणूस खोटे बोलू शकतो का? शकतो. अडचणीचा प्रश्न विचारायचाच नाही, की झाले!

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ उघडले आणि त्याच दिवशी कोलमडले. सारे भाग एकत्र नीट चालतात का, ही परीक्षा शेवटच्या दोन आठवड्यांवर येऊन ठेपली होती, असे कंत्राटदारांनी पुढे तिथल्या संसदेत सांगितले. ताटकळले ते विमा मागायला आलेले लोक.

डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६९ सालीच बजावले होते की, चाचणीने दोष आहे हे कळते. दोष नाही हे कधीच सिद्ध होत नाही. म्हणजे हिरवी खूण ही निर्दोषत्वाची सनद नव्हे, आणि लाल खूण हा अपमान नव्हे, तो उपकारच.

हे सारे मी त्याला ऐकवणार होतो. पण शब्द घशातच अडले. एकदा शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा तीन कच्च्या मुलांना मी मागच्या बाकावर बसवले होते आणि ज्यांची उत्तरे पाठ होती त्यांनाच उभे केले होते. शेरा उत्तम मिळाला. ती तीन मुले मात्र तशीच कच्ची राहिली.

निघताना तो म्हणाला, "सुटी संपली की ती चाचणी पुन्हा लावतो, सर. येऊ दे लाल."

त्याला अजून ती सोय आहे. माझी ती मुले आता शाळेत नाहीत.