साधं म्हणजे कोणासाठी साधं?

छोट्या संस्थेची वेबसाइट कशावर बांधायची, हा प्रश्न तांत्रिक मानला जातो. मला तो आधी नैतिक वाटतो, कारण निवड एक जण करतो आणि तिचं ओझं पुढे वर्षानुवर्षं दुसराच वाहतो.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, एका गावच्या वाचनालयाने मला वेबसाइट करून मागितली. गरजा मोजक्या: उघडण्याच्या वेळा, नवीन पुस्तकांची यादी, कार्यक्रमांचे फोटो. यादी टाकणार ग्रंथपाल काका, तेही मोबाइलवरून. अट एकच, "साधंच काहीतरी कर."

पण साधं दोन प्रकारचं असतं. मला आवडतं ते ह्यूगोसारखं साधन. मजकूर साध्या फाइलींत राहतो, डेटाबेस नसतो, बिघडण्यासारखं आत फारसं काही नसतं. मात्र एक पुस्तक यादीत घालायचं तर फाइल लिहा, गिटवर चढवा. दुसरीकडे २००३ साली सुरू झालेलं वर्डप्रेस. आतून गुंतागुंतीचं: पीएचपी, डेटाबेस, थीम, प्लगइन, वरचेवर येणारे अपडेट. पण व्हॉट्सॲप वापरणारा माणूस थोड्या सरावाने त्यात नोंद टाकू शकतो. एक माझ्यासाठी साधं, दुसरं काकांसाठी.

पहिलं निवडलं तर दर पुस्तकाला फोन मलाच येणार. खरं सांगायचं तर ते सुखावतंही. आपल्यावाचून कुणाचं अडतं, ही भावना गोड असते. पण फुकट केलेली मदतसुद्धा समोरच्याला बांधून ठेवू शकते. उद्या माझी नोकरी बदलली, मी गाव सोडलं, की वाचनालयाची यादी तिथेच थांबणार.

मग वर्डप्रेस घ्यायचं आणि मोकळं व्हायचं? तेही प्रामाणिक नाही. अपडेट न केलेलं प्लगइन म्हणजे उघडं राहिलेलं मागचं दार. ते बंद आहे की नाही, हे काकांना कळणार कसं?

इथे मला आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार उपयोगी पडतं. अवर्षणप्रवण पट्ट्यातलं हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला तिथे मनाई आहे, शेतीसाठी बोअर घ्यायलाही. ऊस वाईट म्हणून नव्हे. तेवढं पाणी नाही म्हणून. कोणतं पीक उत्तम, यापेक्षा आपल्याकडे पाणी किती, हा प्रश्न तिथे आधी येतो.

वेबसाइटचं पाणी म्हणजे सांभाळणाऱ्यांचा वेळ आणि त्यांची माहिती. वाचनालयाकडे ते किती? काकांचा आठवड्यातला अर्धा तास, आणि अडलंच तर तालुक्यात मिळणारं कुणीतरी. जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी साधारण दोन वर्डप्रेसवर चालतात. त्यामुळे ते येणारा माणूस शोधणं तुलनेने सोपं. या एका कारणासाठी मी वर्डप्रेस निवडलं, माझ्या आवडीविरुद्ध.

आणि मग ऊस नाकारला. सोबत येणारी मूळ थीमच ठेवली. समितीतल्या तरुणांना सरकते फोटो हवे होते, त्यांना नाही म्हटलं. संपर्कासाठी फॉर्मऐवजी फोन नंबर. अपडेट आपोआप होतील अशी सोय, आणि बॅकअप काढण्याच्या पायऱ्या मराठीत लिहिलेला एक कागद.

एक गोष्ट मात्र साधनाहून महत्त्वाची. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्याच नावावर, संस्थेच्याच ईमेलवर घेतलं. करून देणाऱ्याच्या नावावर डोमेन असलं, की संस्था नकळत त्याची भाडेकरू होते. पासवर्ड एका पाकिटात घालून कपाटात, दाखल नोंदवहीशेजारी ठेवले. पुढच्या ग्रंथपालाला ते तिथे सापडतील, मला न विचारता.

वेबसाइट दिसायला सामान्य आहे. माझ्या कामाचा नमुना म्हणून ती कुणाला दाखवावी, अशी नाही. परवा यादीत सात नवी पुस्तकं चढली, आणि ते मला वेबसाइट उघडल्यावरच कळलं.