न विकता येणारे शेत

पश्चिम सुमात्रात मारापी ज्वालामुखीच्या उतारावर पारियांगन नावाचे शेतकऱ्यांचे लहानसे गाव आहे. मिनांगकाबाऊ लोक त्याला आपले आद्य गाव मानतात. पूर्वज डोंगरावरून प्रथम येथे उतरले व येथून चहूकडे पसरले, असे त्यांची परंपरा सांगते. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भातखाचरे, गरम पाण्याचे झरे, झऱ्यांशेजारी एकावर एक छपरे रचलेली मशीद आणि म्हशीच्या शिंगांप्रमाणे छपराची टोके वर वळलेली मोठाली लाकडी घरे, असे त्याचे रूप. अशा गावाला तेथे 'नगारी' म्हणतात. शब्द आपल्या 'नगरी'चा आहे. मालमत्तेला ते 'हार्ता' म्हणतात, तोही मुळात संस्कृत 'अर्थ'. चौदाव्या शतकातील आदित्यवर्मन राजाचे संस्कृत शिलालेख याच मुलखात आहेत, तेव्हा या नात्याचे नवल वाटू नये. या 'अर्था'विषयीची त्यांची समजूत मात्र आपल्याला विचारात पाडते.

मिनांगकाबाऊ लोक धर्माने मुसलमान आहेत आणि त्याचबरोबर जगातील सर्वांत मोठा मातृवंशीय समाज म्हणून ओळखले जातात. वंश आईवरून चालतो, आणि आजीची खाचरे आईकडे, आईची लेकींकडे जातात. कुटुंबाचा कारभार पाहणारा पुरुष म्हणजे नवरा नव्हे, आईचा भाऊ. त्याला 'मामाक' म्हणतात. हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु मामाक जमिनीचा मालक नसतो, त्याची बहीणही नसते. तो राखणदार, ती पीक घेणारी. मालकी कुळाची, आणि कुळात मेलेले जसे आले तसे अद्याप न जन्मलेलेही आले. म्हणून ही वंशपरंपरेची जमीन, 'पुसाको तिंगी', विकावयाची नसते.

मग अडचण आली तर? रूढीने चार प्रसंग सांगून ठेवले आहेत. घरात प्रेत पडले आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही. वयात आलेल्या मुलीचे लग्न अडले आहे. कुळाचे मोठे घर गळू लागले आहे. कुळप्रमुखाची जागा रिकामी आहे आणि नव्याला पद देण्याचा समारंभ करण्याची ऐपत नाही. या प्रसंगीही सहसा विक्री होत नाही, जमीन गहाण पडते, आणि तीही कुळातील जाणत्यांच्या संमतीने. या यादीत काय नाही तेही पाहावे. चांगला भाव आला, हे कारण त्यात नाही. मात्र आजारी मुलाचे औषध आणि हुशार मुलाचे शिक्षण हीही त्यात नाहीत. ती पुढे लोकांनी आपणहून घातली, आणि बरे केले.

हे वाचताना इज्रेलच्या नाबोथाची आठवण होणे साहजिक आहे. अहाब राजाने त्याच्याकडे द्राक्षमळा मागितला तो प्रथम लुटारू होऊन नव्हे. बदली अधिक चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. आजच्या हिशेबाने यात गैर काय आहे? नाबोथाने नकार दिला तो भाव कमी म्हणून नव्हे. पूर्वजांचे वतन देणे हा त्याला देवाचा अपराध वाटला. त्या नकारापायी त्याला दगडमार करून ठार करण्यात आले. संत अंब्रोज यांनी चौथ्या शतकात या एका नाबोथावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर परमेश्वर स्पष्टच सांगतो की भूमी त्याची आहे आणि आपण तिच्यावर परके व उपरे आहोत. मारापीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नसावे. ३ डिसेंबर २०२३ रोजी डोंगर फुटला तेव्हा २४ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. मे २०२४ मध्ये मुसळधार पावसाने उतारावरील राख व धोंडे खाली लोटले, त्या पुरात साठाहून अधिक माणसे गेली, आणि किती तरी खाचरे गाळाखाली.

या रूढीवर आक्षेप आला तो घरातूनच. मक्केतील मोठ्या मशिदीत इमाम झालेले अहमद खतीब हे मिनांगकाबाऊच होते. मुलांना डावलून भाच्यांना वारसा देणे हे पाप आहे, असे त्यांनी बजावले. त्यांच्याच परंपरेतील अब्दुल करीम अमरुल्ला यांनी मग वाट काढली: पूर्वजांची जमीन कोणा एकाची नाहीच, ती वक्फासारखी आहे, जे कोणाचे नाही त्याचा वारसाहक्क कसला? १९५२ मध्ये बुकित्तिंगी येथे कुळप्रमुख, उलेमा व सुशिक्षित एकत्र बसले आणि ठरले की पूर्वजांची जमीन रूढीने जाईल, स्वकष्टाची कमाई शरीयतप्रमाणे मुलाबाळांत वाटली जाईल.

इथवर सारे मनोहर आहे. पण गहाणाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. हे गहाण आपल्या जुन्या कागदपत्रांतील ताबेगहाणासारखे असते. सावकार शेताचा ताबा घेतो आणि कर्ज फिटेपर्यंत पीक त्याचे. पीक कितीही वर्षे खाल्ले तरी मुद्दल तसेच राहते, आणि ते पुष्कळदा सोन्यात ठरलेले असल्यामुळे रुपया घसरला तरी मुद्दल घसरत नाही. कधी कधी गहाण टाकणारी बाई आपल्याच खाचरात बटाईने राबते व अर्धे भात दुसऱ्याच्या घरी पोहोचवते. शेत विकले गेलेले नसते. कुळाचे नावही शाबूत असते.

ख्रिस्तसभेला हा व्यवहार अपरिचित नाही. ११६३ साली फ्रान्समधील तूर येथे पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या उपस्थितीत भरलेल्या धर्मसभेने नेमक्या अशाच गहाणांना व्याजखोरी ठरविले आणि धर्मगुरूंना व मठवासीयांना आज्ञा केली की खर्च वजा जाता घेतलेले पीक मुद्दलातून कापावे व मुद्दल फिटताच जमीन परत करावी. (मठही असे गहाण घेत होते, हे या आज्ञेवरून उघडच दिसते.) इंडोनेशियाच्या १९६० च्या कायद्यानेही जवळपास तेच सांगितले: शेतजमिनीचे गहाण सात वर्षे चालले की ती मोबदल्यावाचून परत द्यावी. मिनांगकाबाऊ गावांत हा कायदा फारसा रुजला नाही. उसने घेतलेले सोने न फेडता शेत परत मागणे लोकांना लाजिरवाणे वाटते. प्रामाणिकपणाची ही लाज मोठी आहे, पण तिचा लाभ कोणाला मिळतो? लेवीयाच्या त्याच अध्यायात योबेल वर्षापर्यंत किती पिके उरली ते मोजून जमिनीचे मोल ठरवावे असे सांगितले आहे. शेत शाबूत राखण्याइतकेच पिके मोजणेही तेथे महत्त्वाचे आहे. माझ्या मते मिनांगकाबाऊ रूढीने पहिली गोष्ट कसोशीने सांभाळली, दुसरी तिच्या हातून सुटली.

ती मुळात दयाहीन होती असे मात्र नव्हे. मोठ्या घरासमोर भाताच्या कणग्या असत, त्यांपैकी एक दुष्काळासाठी व गरिबांसाठी राखलेली. मालकी वेगवेगळी असो, उपयोग सर्वांसाठी असावा, हा संत थॉमस अक्वायनस यांचा विचार त्या कणगीत लाकडाचा होऊन उभा होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात म्हटले की खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. ते वाचून वाटते, शेत ज्याच्याकडे गहाण पडले त्याच्यावरही ते गहाण आहे, त्याचे काय?

मिनांगकाबाऊ तरुण फार पूर्वीपासून परगावी जातात. जमीन बहिणींची, तेव्हा त्यांनी नशीब बाहेर काढावयाचे. जाकार्तात कोणी खाणावळ घालतो, कोणी कापड विकतो. त्यांतला एखादा पैसे पाठवतो आणि आजीच्या काळी गहाण पडलेले खाचर सुटते. या सोडविण्याला इंडोनेशियन भाषेत 'मनबुस' म्हणतात, आणि तेथील कॅथलिक भाविक प्रभू येशूला त्याच धातूवरून 'पनबुस' म्हणून हाक मारतात. आपणही कर्जाला 'तारण' ठेवतो आणि प्रार्थनेत 'तारणारा' म्हणतो. रूथच्या पुस्तकात नामीचे शेत सोडविण्याचा पहिला हक्क बवाजाचा नव्हता, त्याच्याहून जवळच्या एका नातलगाचा होता. तो प्रथम हो म्हणाला. मग आपल्या वतनाचे नुकसान होईल म्हणून मागे सरला. शास्त्राने त्याचे नाव नोंदवलेले नाही.