न दिसलेल्या गाठीचा हिशेब

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या कामात, एक विचित्र अडचण आहे: काही नजरेतून सुटलं, तर ते सुटल्याचं तपासणाऱ्याला कळत नाही. जिंतूरचा रुग्ण नांदेडला जातो आणि 'सगळं ठीक' असा कागद घेऊन परततो. आतड्याच्या घडीमागे एखादी गाठ राहून गेली असेल, तर ती काही वर्षांनी कर्करोग होऊन उभी राहते, तीही कदाचित दुसऱ्याच डॉक्टरपुढे. पहिला डॉक्टर बेफिकीर असतो असं नाही. त्याच्या मनाला टोचेल असं काही त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून मला इथे आकडा ही नैतिक गोष्ट वाटते. शंभर तपासण्यांत किती जणांमध्ये किमान एक अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ, सापडली हे मोजतात. पोलंडमध्ये डॉक्टरांना दरवर्षी आपापलं प्रमाण कळवलं जाई. ज्यांचं प्रमाण सुधारलं, त्यांच्या रुग्णांत पुढे कर्करोग कमी आढळला, असं २०१७ साली प्रसिद्ध झालं.

पण माप लावलं की माणूस मापापुरतं काम करू लागतो. 'किमान एक' हेच माप असेल, तर एक सापडल्यावर दुसरी शोधायची निकड उरत नाही. शिवाय परभणीकरांना वेगळं सांगायला नको: इथल्या कृषी विद्यापीठाची 'परभणी मोती' ज्वारीही काळ्या रानात आणि मुरमाड माळावर सारखी उतरत नाही. रुग्ण कोण होते, आतडं किती साफ होतं, हे न पाहता डॉक्टरांचे क्रम लावणं म्हणजे जमिनीचा दोष बियाण्यावर टाकणं. आपल्याकडे बहुतेकांची दुर्बीण तक्रार सुरू झाल्यावरच होते. धडधाकट माणसांची सरसकट तपासणी करणाऱ्या देशांची पट्टी इथे जशीच्या तशी लागणार नाही.

मग आकडा सांगूच नये का? गंगाखेडच्या जनाबाईंच्या कथेत विठ्ठल पीठ मोजायला येत नाही, दळू लागायला येतो. पोलंडमध्येच ज्या केंद्रांचं प्रमाण कमी होतं, त्यांतल्या काहींच्या प्रमुखांना प्रत्यक्ष प्रशिक्षण दिलं, काहींना फक्त आकडे. सुधारणा दोन्हीकडे झाली, प्रशिक्षणवाल्यांत जास्त.

डॉक्टरचा आकडा त्याला खासगीत कळावा आणि सोबत शिकवणारं कुणी असावं, असं मला वाटतं. पण तो जाणून घ्यायलाच नकार देण्याची मुभा मात्र त्याला नसावी. जिंतूरच्या माणसाने कागदावर विश्वास ठेवलेला असतो.