अनुज्ञा आणि क्षमा

अनुज्ञा आणि क्षमा ह्यांस व्यवहारात आपण सर्रास एकच लेखतो. वस्तुतः त्यांत भेद आहे, आणि तो केवळ आधीनंतरचा नव्हे. अनुज्ञा मागणारा ‘नाही’ हे उत्तर ऐकण्यास सिद्ध असतो. क्षमा मागणाऱ्याने ते उत्तर देणे समोरच्यास जड करून ठेवलेले असते. वर्गात येऊन बसल्यावर ‘आत येऊ का?’ असे विचारणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस कोणी बाहेर काढीत नाही.

२००६ सालच्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या इमारतींस कामारंभापूर्वी पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली. ‘पूर्वी’ हा शब्दच त्या नियमाचा प्राण होय. तथापि मुळशी तालुक्यातील लवासा नगरीचे उदाहरण पाहावे. केंद्राची मंजुरी नसल्याचा ठपका ठेवून नोव्हेंबर २०१० मध्ये मंत्रालयाने काम थांबविण्यास सांगितले, तेव्हा डोंगरउतारांवर नगरी बरीच उभी राहिली होती. वर्षभरातच पहिल्या टप्प्यातील २,००० हेक्टरांस सशर्त मंजुरी मिळाली.

१६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी मागाहूनची मंजुरी बेकायदा ठरविली. १८ नोव्हेंबरला त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो निर्णय मागे घेऊन प्रकरण फेरविचारार्थ ठेविले. बहुमताचा युक्तिवाद हलका नाही. सार्वजनिक पैशाने उभारलेली इस्पितळे पाडावयाची काय? आणि त्या पाडापाडीने हवा-पाणी शुद्ध होईल काय? प्रश्न रास्त आहे. परंतु ह्या तर्काचे बळ इमारतीच्या उंचीबरोबर वाढत जाते, हे माझ्या मनास खुपते. ज्याने अधिक बांधले, त्याचे पाडणे अधिक अवघड. म्हणजे नियमभंग जितका मोठा, तितका अपराधी निर्भय! रोग्यास पुढे करून बांधणारा मागे उभा राहतो. कधी क्षमा करावी लागेलही. पण मग तिला क्षमाच म्हणावे, आणि अपराधाची कबुली व प्रायश्चित्त तिच्याबरोबर मागावे. अनुज्ञेचे वस्त्र तिला नेसवू नये.

पिशोर ज्या कन्नड तालुक्यात आहे, त्याच्या डोंगरांत १९८६ सालापासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. अशा मुलखात डोंगरावरचा पाऊस ओढ्यांनी उतरतो आणि खालच्या विहिरींत मुरतो. उद्या तेथे एखादा मोठा प्रकल्प यावयाचा असेल, तर आज ओढ्याकाठच्या शेतकऱ्यास विचारता येते. ‘चार फर्लांग पलीकडे सरका’ असे तो म्हणू शकतो. ओढा बुजल्यानंतर त्याला विचारावयाचे ते काय? भरपाईची झाडे कोठे लावावीत, एवढेच.