फासावरची गीता आणि तिचा अठरावा अध्याय

१८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात दामोदर चापेकर फासावर गेले, तेव्हा त्यांच्या हातात गीता होती. दहा वर्षांनी मुझफ्फरपूरला फाशी गेलेल्या अठरा वर्षांच्या खुदीराम बोसांबद्दलही तसेच सांगतात. या धैर्यापुढे मान झुकते आणि झुकायलाच हवी. पण मान झुकवताना आपण नकळत एक निष्कर्षही काढून बसतो: ज्याने स्वतःसाठी काहीच मागितले नाही त्याचे कर्म निष्काम, आणि निष्काम म्हणून निर्दोष. हा निष्कर्ष गीतेलाच मान्य होणार नाही, असे माझे मत आहे.

त्याला आधार नाही असे मात्र नव्हे. ज्याच्या ठायी अहंकार नाही आणि ज्याची बुद्धी अलिप्त आहे, तो मारूनही मारत नाही, असे अठराव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात स्पष्टच म्हटले आहे. चापेकरांनी केलेल्या, पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या वधाच्या आठवडाभर आधी ‘केसरी’त आलेल्या शिवाजी उत्सवाच्या भाषणात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचे समर्थन याच धाग्याने केले होते. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’तही कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, हा त्यांचा सिद्धान्त आहे. पण त्याच अध्यायात आठच श्लोक पुढे तामस कर्माचे लक्षण येते: परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. म्हणजे फळाची आसक्ती सोडायची आहे, फळाचा विचार नव्हे. मरायची तयारी आसक्ती सुटल्याची साक्ष देते. विचार झाला होता की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक उठली आणि रँडला गोळी लागली. पण सारा रोष ज्याच्यावर होता तो रँड अकरा दिवसांनी मेला. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट मात्र जागीच गेला. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपुरात खुदीरामांचा बॉम्ब न्यायाधीश किंग्जफर्डसाठी होता, मेल्या त्या केनेडी मायलेकी. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ ला नेम पोलीस अधिकारी स्कॉटवर होता, पडला दुसराच अधिकारी सॉन्डर्स, आणि पाठलाग करणारा हवालदार चननसिंगही. इतक्यांदा घडते त्याला निव्वळ दुर्दैव म्हणून भागत नाही. बाण सोडण्यापूर्वी अर्जुनाने रथ दोन्ही सैन्यांच्या मधे नेऊन समोर कोण कोण उभे आहे ते पाहून घेतले होते. अंधारातल्या गुप्त हल्ल्यात ती सोयच नसते.

यावर रास्त आक्षेप असा की, रणांगण नाकारले ते इंग्रजांनी. १८७८ च्या शस्त्रकायद्याने देश निःशस्त्र केला, प्लेगच्या नावाखाली सोजीर घराघरांत घुसवले, आणि वर आम्ही समोरासमोर लढावे ही अपेक्षा? हे खरे आहे, आणि दोषाचा मोठा वाटा त्या राजवटीच्याच माथी जातो. पण केनेडी मायलेकींच्या मृत्यूचा हिशेब त्याने फिटत नाही. उलट मार्ग जितका अंधारा, तितकी पारखून पाऊल टाकण्याची जबाबदारी वाढते. सुरक्षित काळात बसून हा न्याय करणे सोपे आहे, असेही कोणी म्हणेल. मात्र ही कसोटी आजची नाही. सॉन्डर्सच्या वधानंतर लाहोरच्या भिंतींवर लागलेल्या पत्रकांत क्रांतिकारकांनीच एका माणसाचा जीव घ्यावा लागल्याचा खेद व्यक्त केला होता.

त्यांतल्याच भगतसिंगांनी पुढे बटुकेश्वर दत्तांसह ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेम्ब्लीत बॉम्ब टाकले ते मोकळ्या जागी, कोणी मरू नये अशा बेताने. काहींना जखमा झाल्या, जीव कोणाचा गेला नाही. दोघे पळाले नाहीत. अटक करून घेतली आणि कोर्टात आपला हेतू सांगितला. अठराव्या अध्यायाच्या कसोटीला हे कृत्य गणेशखिंडीतल्या कृत्याहून अधिक उतरते. ते करणाऱ्या भगतसिंगांनी आपण नास्तिक का आहोत, हे १९३० साली तुरुंगातून लिहून ठेवले आहे.