राजाच्या पंगतीला

गिलबोवाच्या डोंगरावर शौल राजा पडला आणि त्याच लढाईत त्याचा मुलगा योनाथानही पडला. बातमी घरी आली तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ 5 वर्षांचा होता. दाईनं त्याला कडेवर घेतलं आणि ती जीव मुठीत धरून पळत सुटली. त्या धांदलीत पोर खाली पडलं आणि दोन्ही पायांनी कायमचं अधू झालं.

दाईची भीती खरी होती. त्या काळी नवा राजा आला की जुन्या राजाचं घराणं हुडकून हुडकून संपवलं जाई. यार्देनेपलीकडच्या लो-दबार गावात माखीर नावाच्या माणसानं या अनाथ राजपुत्राला आपल्या घरी ठेवून घेतलं. इथे कुणी आपली आठवणही काढू नये, एवढंच अशा माणसाचं मागणं असणार.

पण त्याची आठवण फार आधीच शपथेत बांधली गेली होती. योनाथान गादीचा वारस आणि दावीद बेथलेहेमचा मेंढपाळ, तरी योनाथानानं त्याच्यावर जिवापाड प्रेम केलं. स्वतःचा झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद, सगळं उतरवून त्यानं त्याला दिलं. पुढे शौल दाविदाच्या जिवावर उठला, तेव्हा या दोघांनी परमेश्वराला साक्षी ठेवून करार केला. योनाथानानं एकच मागितलं: माझ्या घराण्यावरची तुझी माया कधी तुटू देऊ नकोस.

वर्षं गेली. दावीद यरुशलेमेत राजा झाला. एक दिवस त्यानं विचारलं, शौलाच्या घराण्यातलं कुणी उरलंय का? असा प्रश्न राजानं विचारला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटाच यायचा. पण दाविदाला योनाथानासाठी त्या माणसावर दया करायची होती, आणि तिला त्यानं देवाची दया म्हटलं. शौलाचा जुना चाकर सीबा म्हणाला, योनाथानाचा एक मुलगा आहे, पण दोन्ही पायांनी अधू आहे. राजानं पायांची चौकशी केली नाही. तो कुठे आहे, एवढंच त्यानं विचारलं.

मफीबोशेथ आला आणि जमिनीवर पालथा पडला. राजानं त्याला नावानं हाक मारली, भिऊ नकोस म्हटलं. शौलाची सारी जमीन त्याला परत दिली. ती कसायला सीबा, त्याचे 15 मुलगे आणि 20 चाकर लावून दिले. आणि सांगितलं, तू रोज माझ्या पंगतीला जेवायचं. मफीबोशेथनं स्वतःला मेलेलं कुत्रं म्हटलं. ते खोडून काढायला राजानं शब्द खर्च केले नाहीत. त्याला राजपुत्रांच्या ओळीत बसवलं.

यरुशलेम नगराविषयी एक म्हण होती: आंधळ्या-लंगड्यांना घरात प्रवेश नाही. दाविदानं यरुशलेम जिंकलं त्या वेळच्या कडवट बोलण्यातून ती निघाली होती. त्याच नगरात, त्याच राजाच्या घरात, एक लंगडा आता रोज जेवत होता. देव आपल्याला आपल्या लोकांत घेतो ते असंच घेतो, असं मी मनापासून मानतो. आपले पाय कसे आहेत यावर ते ठरत नाही. आपल्याला काही कळायच्या आधी कुणीतरी आपल्यासाठी करार केलेला असतो.

बहुतेक प्रवचनं इथेच थांबतात. मला मात्र पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण या प्रेमाला मफीबोशेथनं काय उत्तर दिलं ते तिथे दिसतं.

दाविदाचा मुलगा अबशालोम बापावर उलटला. राजाला जीव घेऊन नगर सोडावं लागलं. जैतुनांच्या डोंगराचा माथा ओलांडून तो थोडा पुढे गेला, तर समोर सीबा उभा. त्यानं गाढवांवर 200 भाकरी, मनुकांचे 100 घड, उन्हाळी फळं आणि द्राक्षारसाचा बुधला आणला होता. तुझा धनी कुठे, असं राजानं विचारलं. सीबा म्हणाला, तो यरुशलेमेतच राहिलाय, आजोबाचं राज्य आता आपल्याला मिळेल या आशेवर. थकलेल्या, दुखावलेल्या राजानं तिथल्या तिथे सारी जमीन सीबाला देऊन टाकली. एकाच बाजूचं ऐकून दिलेला हा निवाडा होता. दाविदासारख्या माणसाकडूनही असा अन्याय होतो, आणि पवित्र शास्त्र तो लपवत नाही.

राजा पुढे महनाईमला पोचला. तिथे त्याच्यासाठी अंथरुणं, भांडी, गहू, जव, डाळी, मध आणि दही घेऊन जे आले, त्यांत लो-दबारचा माखीरही होता. शौलाच्या नातवाला आसरा देणारा हा माणूस आता संकटातल्या दाविदाला जेवू घालत होता. देवाच्या लोकांत असणं म्हणजे काय, हे याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

अबशालोम मेला, राजा परतला. मफीबोशेथ त्याला भेटायला आला तेव्हा त्याच्याकडे पाहवत नव्हतं. राजा गेला त्या दिवसापासून त्यानं पायांची निगा राखली नव्हती, दाढी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. शेजारी दुसरा राजा गादीवर बसलेला असताना यानं उघडपणे पळालेल्या राजाचा शोक पाळला होता. गाढवावर खोगीर घालून मलाही यायचं होतं, मी अधू, चाकरानं मला फसवलं, एवढं सांगून त्यानं निकाल राजावर सोडला. आजोबाचं सारं घराणं मरणाला पात्र असताना तुम्ही मला पंगतीला बसवलं; आता आणखी मागायचा मला काय हक्क, असं तो म्हणाला.

दावीद म्हणाला, तू आणि सीबा जमीन वाटून घ्या. हा निकालही अर्धाच न्यायाचा होता. खोटं बोलणाऱ्यालाही निम्मं मिळत होतं. दुसरा कुणी असता तर वाद घातला असता, साक्षीदार आणले असते. मफीबोशेथ म्हणाला, सगळीच त्याला घेऊ द्या, माझे महाराज सुखरूप घरी आले ना!

जमीन हे त्या प्रेमाचं दान होतं, आणि दान हातचं गेलं तरी देणारा आपला राहिला, एवढ्यानं तो तृप्त होता. देवाच्या करारावर विसंबून जगणाऱ्याला आपण काय मिळवलं आणि काय गमावलं याची चिंता करू नये असं कुणी सांगितलं, तर मला ते अवघड वाटतं. पण हा अधू माणूस ते करून दाखवतो, आणि मला त्याच्या पाठोपाठ जायचं आहे.

योनाथानाचं मागणं वाया गेलं नाही. पवित्र शास्त्रातल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात 8व्या अध्यायात मफीबोशेथ दुसऱ्या नावानं येतो. त्याचा मुलगा मीखा, आणि त्याच्यापासून पिढ्यामागून पिढ्या. शेवटी त्याच वंशातल्या उलामाच्या मुलांचा उल्लेख आहे: शूर, धनुर्धारी, आणि मुलं-नातवंडं मिळून 150.